खिशातल्या बिया

ऑक्टोबर लागला की जिल्ह्याच्या शेती सल्ला कार्यालयातला फोन एकाच प्रश्नासाठी वाजायचा, आणि सत्तावीस वर्षं तो हार्लन डीट्शने उचलला. बकायच्या बिया कधी लावायच्या? विचारणारा माणूस बदलायचा, उत्तर बदलत नसे. "आजच लावा. झाडाखाली पडली त्या दिवशी. फार तर आठवडाभरात. सुकलेली बी मेलेली असते." मग हार्लन त्याला बादलीची परीक्षा सांगायचा: बी पाण्यात टाका, बुडाली तर लावा, तरंगली तर फेका. पलीकडचा माणूस बरं बरं म्हणायचा, बी खिशात टाकायचा आणि पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा फोन करायचा.

खिशात टाकायचा, हे महत्त्वाचं. ओहायोच्या दक्षिणेकडच्या त्या टेकड्यांत बकायची बी मुळात लावण्यासाठी नसतेच. सुपारीपेक्षा थोडी मोठी, तपकिरी, गुळगुळीत, एका अंगाला फिकट डाग, हुबेहूब हरणाचा डोळा; 'बकाय' या नावाचा अर्थही तोच. ती खायची नाही, कारण विषारी. गाईने खाल्ली तर गाय झोकांड्या खाते. ती डाव्या खिशात ठेवायची, म्हणजे सांधे दुखत नाहीत. मिलर्स फोर्क गावात देव न मानणारे दोघे होते, पण बी न बाळगणारा एकटा हार्लन. बाकीच्यांच्या बिया वीस-वीस, तीस-तीस वर्षं खिशात फिरून, अंगठ्याने घासून घासून काळ्या आरशासारख्या झाल्या होत्या. सांधे सगळ्यांचेच दुखत. "बी नसती तर किती दुखले असते, याचा विचार कर," असं त्यावर गावाचं म्हणणं असे, आणि असल्या म्हणण्याला कुठल्याच कार्यालयाकडे उत्तर नसतं.

हार्लनची बायको युनिस आईकडून आलेली बी बाळगायची. एकतीस वर्षं तिने चर्चमध्ये ऑर्गन वाजवला. गेली दोन वर्षं तिची बोटं आत वळून घट्ट बसली होती, पक्ष्याने फांदी धरावी तशी. ऑर्गनवर कापड टाकलं होतं आणि पास्टर टेपवर भजनं लावत. रोज सकाळी हार्लन युनिसच्या ब्लाउजची सात बटणं लावायचा. त्या वेळात दोघं हवामानावर बोलत.

निवृत्त होऊन वर्ष झालं तेव्हा बागप्रेमी मंडळाने हार्लनला भाषणाला बोलावलं. विषय: घराच्या बागेत हॉर्स चेस्टनट आणि बकाय. हार्लनच्या फाटकाशी आजोबांनी लावलेला हॉर्स चेस्टनट होता आणि शेडजवळ बकाय, तेव्हा तज्ज्ञ शोधायला मंडळाला लांब जावं लागलं नाही. चर्चच्या तळघरात चाळीसेक माणसं जमली. कॉफी होती, आणि शेंगदाण्याचं लोणी चॉकलेटात बुडवून केलेली बकायच्या आकाराची मिठाई होती. ती बिनविषारी असल्यामुळे भाषणाआधीच संपत आली होती.

हार्लनने या दोन भाऊबंद झाडांतला फरक सांगितला. हॉर्स चेस्टनटच्या पानाला सात पाती, बकायच्या पानाला पाच, एका देठातून फुटलेली, उघड्या पंजासारखी. ऑगस्टमध्ये बकायची पानं लवकर गळतात, घाबरू नये. कुंडीत मुळी गोल फिरली असेल तर जमिनीत लावण्याआधी धारदार कात्रीने छाटावी, नाहीतर झाड पुढे स्वतःच्याच मुळीने आवळलं जातं. आणि बी ताजीच हवी.

वांडा प्राउटीने हात वर केला. ती मंडळाची एकोणीस वर्षं अध्यक्ष होती, कारण कपाटाची किल्ली तिच्याकडे होती.

"माझ्या खिशातली लावली तर उगवेल?" तिने विचारलं. "तीस वर्षांची आहे."

"वांडा, पास्टरांच्या विनोदांत तिच्यापेक्षा जास्त जीव आहे."

पास्टर सगळ्यांत आधी हसले.

"लावून पाहिलीस कधी?" वांडा म्हणाली.

सत्तावीस वर्षांत हार्लनने लावून पाहिली नव्हती. मेलेली गोष्ट कोणी लावून बघत नाही. पण वांडाच्या चेहऱ्यावर कपाट उघडल्याचं समाधान होतं.

"आणा इकडे," तो म्हणाला. "ज्याची त्याची बी द्या. मी लावतो. उगवली तर पुढच्या वर्षी भाषण तू कर."

अकरा जणांनी दिल्या. चेष्टामस्करी चालली होती, पण खिशातून बी काढताना जो तो क्षणभर थांबत होता, पाकीट काढून द्यावं तसा. वांडाने दिली, तिचा गुडघा काठीशिवाय चालू देत नसे. पास्टरांनी दिली, त्यांची कंबर धरायची. गावचा न्हावी व्हर्जिल क्रम याचा उजवा खांदा कात्री धरून धरून गेला होता, त्यानेही दिली. शेवटी मागच्या रांगेतून युनिस उठून आली. बोटांत धरता येत नव्हती म्हणून तिने दोन्ही तळव्यांमध्ये बी आणली आणि टेबलावर सोडली.

"तू कशाला?" हार्लन हळूच म्हणाला.

"बारा बऱ्या दिसतात," युनिस म्हणाली.

क्लीटस योकम मिठाईच्या ताटाशी उभा होता. गावातले सगळे अंत्यसंस्कार तोच करी. त्याने खिशाला हात लावला नाही.

"बी माणसाच्या आधी मातीत जाऊ नये," तो म्हणाला.

"का?"

"गेली नाही अजून. मी प्रत्येकाच्या कोटात ज्याची त्याची बी घालूनच पेटी बंद करतो. चारशे तरी घातल्या असतील."

"आणि दफनभूमीत बकायची झाडं किती उगवली?"

"एकही नाही."

"मग मी काय म्हणतोय?" हार्लन म्हणाला.

"पण ती माणसं जिवंत नव्हती," क्लीटस म्हणाला, आणि त्याने शेवटची मिठाई तोंडात टाकली.

दुसऱ्या दिवशी हार्लनने बारा बिया बादलीत टाकल्या. बाराच्या बारा बुचासारख्या तरंगल्या. ते त्याने वहीत लिहिलं. नियमाप्रमाणे त्या फेकायच्या, पण शब्द दिला होता, म्हणून बारा कुंड्यांत लावल्या आणि पांढऱ्या पट्ट्यांवर नावं लिहिली. तुलनेसाठी शेडजवळच्या झाडाखालच्या बारा ताज्या बिया आणखी बारा कुंड्यांत. सगळं शेडच्या उत्तरेला, बाकावर, वरून तारेची जाळी. नोव्हेंबरात खारींनी जाळीचा कोपरा उचकटला आणि पाच ताज्या बिया उकरून नेल्या. खिशातल्यांपैकी एकीलाही तोंड लावलं नाही. "खारींना मेलेलं कळतं," हार्लनने वहीत लिहिलं. वाक्य त्याला आवडलं.

डिसेंबरात वांडा तिची काठी पोस्टात विसरली. आठवडाभर ती परत न्यायला आली नाही. पास्टर प्रार्थनेला गुडघ्यांवर बसले आणि बाकाचा आधार न घेता उठले, तेव्हा दोन-तीन जणांनी टाळ्या वाजवायला हात वर केले आणि चर्च आहे म्हणून खाली घेतले. व्हर्जिल दुकानात सांगत सुटला की त्याचा खांदा विशीत होता तसा झालाय. जो तो हार्लनला थांबवून गंमत म्हणून सांगायचा, आणि सांगून झाल्यावर त्याच्या तोंडाकडे बघत राहायचा.

"यंदा हवा कोरडी आहे," हार्लन म्हणायचा. त्या आठवड्यात गावाचं तळं काठापासून काठापर्यंत गोठलं होतं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी तो नेहमीसारखा बटणं लावायला आला. युनिस खिडकीशी उभी होती. ब्लाउज गळ्यापर्यंत बंद होता.

"मी लावली," ती म्हणाली.

"कधी?"

"आत्ता. तू दात घासत होतास."

तिने हात पुढे केले आणि बोटं उघडली, मिटली, उघडली. हार्लन पलंगाच्या कडेवर बसला. तो आयुष्यात पुराव्याशिवाय रडला नव्हता. आता पुरावा होता. बराच वेळ युनिस त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली, सगळ्या बोटांनी.

ईस्टरला ऑर्गनवरचं कापड निघालं. पहिल्या सुरालाच अर्धं चर्च रुमाल शोधू लागलं. वांडा मागे वळून हार्लनकडे बघून म्हणाली, "कोरडी हवा, नाही का रे?"

एप्रिलमध्ये कोंब आले. ताज्या सातांपैकी पाच वर आल्या, वेगवेगळ्या दिवशी, येतात तशा. खिशातल्या बाराच्या बारा एकाच सकाळी, सतरा तारखेला. हार्लनला पहिल्यांदा वांडाचा संशय आला. किल्ल्या ठेवणारी बाई, रात्रीतून बिया बदलायला तिला काय अडचण. त्याने चमच्याच्या दांड्याने वांडाच्या कुंडीतली माती बाजूला केली. बी तीच होती, काळी, चकचकीत, तीस वर्षांच्या अंगठ्याने एका बाजूला दबलेली. मधून तडकलेली, आणि फटीतून पांढरा, जाड कोंब. हार्लनने माती परत सारली, हात धुतले आणि वहीत तारीख लिहिली. तारखेपुढे काय लिहावं ते सुचलं नाही.

मेच्या अखेरीस आणखी काही लिहिणं भाग पडलं. ताज्या बियांची रोपं सरळ होती. वांडाचं रोप वीतभर सरळ गेलं आणि मग मधोमध वाकलं होतं, गुडघा टेकल्यासारखं. पास्टरांचं कमरेत दुमडलेलं. व्हर्जिलच्या रोपाची डावी फांदी वर गेलेली, उजवी लोंबती. कुंड्या फिरवून पाहिल्या, उजेडाची दिशा बदलली. वाक होता तिथेच राहिला. युनिसच्या रोपाला चार पानं आली. पाच-पाच पाती, बरोबर. पण एकही पान उघडलं नाही. प्रत्येकाची पाती आत वळून घट्ट मिटलेली, आणि प्रत्येक पात्याच्या मध्यावर एक गाठ.

हार्लनने भिंग आणलं. कोळी नव्हते, बुरशी नव्हती, मावा नव्हता. त्याने सगळ्यांत खालचं पान काढायला हात नेला आणि का कोण जाणे मागे घेतला. शेवटी एक फोटो आणि मातीचा नमुना राज्याच्या प्रयोगशाळेत पाठवला. तिकडून दोन ओळी आल्या. रोप निरोगी आहे. पानं फक्त मिटलेली आहेत.

त्याने युनिसला ते रोप दाखवलं नाही. शेडकडे तण फार माजलंय, असं सांगितलं.

जूनमध्ये एका दुपारी गारा पडल्या. वीस मिनिटं. बाकाचा एक पाय खचला आणि कडेची कुंडी खाली गेली. रोप वाकाच्या खाली मोडलं होतं. पट्टीवर व्हर्जिलचं नाव होतं.

हार्लनने टोपी घातली आणि तो गावात गेला. तो स्वतःला सांगत होता की केस वाढले आहेत.

व्हर्जिल एका गिऱ्हाइकाची दाढी करत होता. तोंडाने बेसबॉल चालू होता. हार्लनला बघून त्याने वस्तरा हलवला.

"बस रे. दोन मिनिटं."

"खांदा कसा आहे?"

"दुखत नाही."

हार्लनने श्वास सोडला. खुर्चीत बसलासुद्धा.

"दुपारपासून तर काहीच नाही," व्हर्जिल म्हणाला. "गारा पडल्या ना, तेव्हापासून. म्हणजे काहीच नाही. मजा आहे."

तो वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर पुसत होता. पट्टा लाल होत होता. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं पेरापाशी चिरलेली होती आणि रक्त मनगटावरून बाहीत जात होतं. व्हर्जिल पुढच्या सामन्याबद्दल बोलत राहिला. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने आरशात पाहिलं, मग हार्लनने, आणि मग त्या दोघांचे चेहरे बघून व्हर्जिलने.

"अरेच्चा," तो म्हणाला.

डॉक्टरांनी तपासलं. हात हलत होता, रक्त खेळत होतं, ताकद होती. फक्त खांद्यापासून बोटांपर्यंत त्याला काही लागत नव्हतं, ना सुई, ना बर्फ. व्हर्जिलने वस्तरा बंद केला आणि फक्त कात्री चालू ठेवली, तीही नजर ठेवून. "दुखण्यापेक्षा बरं," असं तो म्हणायचा. पण बायको हात धरते तेव्हा धरलाय की नाही ते बघावं लागतं, हेही त्याने एकदा सांगितलं.

हार्लनने त्याच संध्याकाळी बाकाचा पाय बदलला आणि युनिसची कुंडी बाकावरून काढून शेडच्या भिंतीशी, विटांच्या चौकटीत ठेवली. हरणांसाठी दुसरी जाळी. दुपारच्या उन्हाला गोणपाट. पाणी दोनदा, बोट मातीत घालून बघून. मूल न झालेलं ते जोडपं. गावात म्हणू लागले की हार्लनला म्हातारपणी पाळणा मिळाला. त्याने कुणाला काही सांगितलं नाही. सांगणार काय? युनिस रोज दोन तास वाजवायची. तिच्या बोटांना सूर लागत होते, पांढऱ्या पट्ट्यांचा गारवा लागत होता, स्वयंपाकघरात पीठ लागत होतं. ते सगळं आता विटांच्या चौकटीत, हातभर उंच रोपाच्या चार पानांवर उभं होतं.

आणि बकायची पानं ऑगस्टमध्ये गळतात. हे जिल्ह्यात त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याने स्वतः छापलेलं पत्रक काढून वाचलं: "घाबरू नये. झाड मेलेलं नाही." लिहिणाऱ्याचा सूर त्याला जरा उद्धट वाटला.

ऑगस्टच्या तिसऱ्या रविवारी युनिस लवकर चर्चला गेली. हार्लन पाणी घालायला शेडमागे गेला तेव्हा खोड उघडं होतं. चारही पानं मातीवर पडली होती. पडल्यावर ती उघडली होती. पाचही पाती पसरून, पालथी.

तो निघाला. पाऊण मैल. चढावर धावला. साठी ओलांडल्यावर तो धावला नव्हता.

चर्चच्या पायऱ्यांशी पोचला तेव्हा आत शांतता होती.

त्याने कठडा धरला.

मग ऑर्गन सुरू झाला. आधी मंद्रातला एक सूर, मग वरचे, मग दोन्ही हात एकदम, पाण्यासारखे. एकही सूर चुकला नाही. हार्लन पायरीवर बसला. छातीतला दगड इतक्या सहज उतरला की त्याला हसू आलं. पानगळ ती पानगळ. झाड मेलेलं नाही. पत्रक बरोबर होतं.

भजन संपल्यावर पास्टर दाराशी आले. "अहो हार्लन, आत या की. आणि हे काय, सपाता घालून?"

"बाहेर जास्त चांगलं ऐकू येतं," हार्लन म्हणाला. ते खोटं नव्हतं.

सप्टेंबर सुखात गेला. उरलेल्या दहा जणांनाही काही झालं नाही. वांडाने पुढच्या भाषणाची तयारी चालवली होती आणि ती भेटेल त्याला ऐकवत होती. लोक आपापल्या कुंड्या मागू लागले. कुणाला ओसरीपुढे लावायची होती, कुणाला कुंपणाशी. हार्लन म्हणाला, आधी युनिसची मी लावतो, कशी लागते बघू, मग तुमच्या.

ऑक्टोबरातली ती दुपार गार होती, ऊन स्वच्छ. जागा शेडच्या दक्षिणेला, स्वयंपाकघराच्या खिडकीपासून दहा पावलांवर. झाड शंभर वर्षं जगतं. युनिस चौसष्टची होती. हार्लनने हिशोब केला आणि खूश झाला. खड्डा खणला, दोन फूट. कुंडी आडवी केली, थोपटली, रोप मातीसकट बाहेर आलं. त्याने माती झाडली.

सोटमूळ कुंडीच्या तळाशी दीड वेढा घेऊन फिरलं होतं. बोटाएवढं जाड, फिकट, जवळजवळ गुलाबी.

नियम साधा होता. सत्तावीस वर्षं त्याने तो फोनवर सांगितला होता. वेढा छाटावा. नाहीतर झाड आवळलं जातं, पाच वर्षांत, दहा वर्षांत.

त्याने कात्री घेतली. धार अंगठ्याने पाहिली.

छाटलं तर व्हर्जिल. नाही छाटलं तर दहा वर्षं.

उघड्या खिडकीत युनिस सफरचंदं सोलत होती. तिची पाठ त्याच्याकडे होती. साल एका लांब पट्टीत सुटत होती.

हार्लनने हातमोजे काढले, कारण मोज्यांनी नेमकी जागा कळत नाही. डाव्या मुठीत मूळ धरलं. कात्रीची पाती उघडली.

"हार्लन," आतून युनिस म्हणाली.

तिने मागे वळून पाहिलं नव्हतं. सुरी चालूच होती.

"हात किती गार आहेत रे तुझे."

आवाजात भीती नव्हती. तक्रारही नव्हती. अडतीस वर्षांच्या हिवाळ्यांत पांघरुणाखाली ती जशी म्हणायची, अगदी तशीच म्हणाली होती.

हार्लनने कात्री गवतावर ठेवली. मूळ हलकेच ओल्या गोणपाटावर ठेवलं. मग फावडं घेऊन त्याने खड्डा रुंद केला, आणखी रुंद केला, वेढ्यासकट मूळ सगळीकडून मोकळं पसरेल इतका. अर्धा तास लागला. पाठीला घाम आला, तरी बोटं गारच होती. त्याने दोन्ही हात काखांत घालून धरले आणि तसाच उभा राहिला, शंभरपर्यंत आकडे मोजत.

मग तो वाकला आणि दोन्ही हातांनी मूळ उचललं.

"हं," खिडकीतून आवाज आला. "आता बरं."